पाडव्याचे संकल्प आणि आजोबांचे पाऊल

गुढीपाडव्याच्या सकाळी गिरगावात शोभायात्रा निघते. ढोल-ताशांची पथके, नऊवारी नेसून फटफटीवर स्वार झालेल्या तरुणी, खिडक्या-गॅलऱ्यांतून डोकावणारी सारी वाडी, हे दृश्य आपण दरवर्षी पाहतो. माझा पाडवा मात्र गेली अनेक वर्षे लालबाग-परळच्या चाळींत जातो. दवाखाना बंद असतो. परंतु ज्या घरांशी तीन पिढ्यांचा संबंध जडला आहे, तेथून श्रीखंड-पुरीचे बोलावणे येते आणि ते नाकारण्याची माझी प्राज्ञा नसते. कडुलिंबाची चटणी तळहातावर पडली की घरातील वडीलधारी मंडळी डॉक्टरांना नव्या वर्षाचे संकल्प ऐकवतात. १ जानेवारीचे संकल्प तरुणांचे. ते व्यायामशाळेची वर्गणी भरली की संपतात. पाडव्याचे संकल्प आजी-आजोबांचे, आणि ते बहुधा निष्ठेने पाळले जातात. एक वैद्य म्हणून मला त्यांचीच अधिक धास्ती वाटते.

गेल्या वर्षी पाडवा रविवारी, ३० मार्च २०२५ रोजी होता. लालबागच्या एका चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, चौऱ्याहत्तर वर्षांच्या एका आजोबांनी मला आपले तीन संकल्प सांगितले. हे आजोबा एकेकाळी गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर ते पुन्हा गिरणीत गेले नाहीत. पुढे त्यांनी रखवालदारी केली, भाजी विकली आणि दोन मुले शिकवली. मधुमेह अठरा वर्षांचा. स्वभाव असा की एकदा शब्द दिला की दिला.

पहिला संकल्प श्रद्धेचा होता. पत्नीची बायपास शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली, म्हणून प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाला एकवीस मंगळवार अनवाणी चालत जायचे. दुसरा संकल्प ध्येयाचा. मुलाने वाढदिवसाला मनगटी घड्याळ भेट दिले होते. ते पावले मोजते, नाडी सांगते, झोपेला गुण देते. त्यावर रोज दहा हजार पावले झालीच पाहिजेत. तिसरा संकल्प यंत्राचा. मोबाइल स्वतः शिकायचा, “दर वेळी नातीपुढे हात पसरायचा नाही.”

“काका, उत्तम!” असे म्हणून मी श्रीखंडाची वाटी पुढे केली. वाचकहो, या एका शब्दाबद्दल मी स्वतःला अजून पुरती क्षमा केलेली नाही.

आजोबा पहाटे पाचला निघत. परळचा जुना पूल तेव्हा अजून उभा होता. तो ओलांडून प्रभादेवीला पोहोचायचे, रांगेत उभे राहायचे आणि दर्शन घेऊन चालतच परतायचे. मंगळवारची रांग आपणास ठाऊक आहे. १८०१ साली देऊबाई पाटील यांच्या इच्छेने आणि लक्ष्मण विठू यांच्या हातून उभे राहिलेले ते लहानसे देऊळ आज साऱ्या मुंबईचे आहे. परतीच्या वाटेला लागेपर्यंत उन्हे वर आलेली असत. एप्रिल संपत आला की मुंबईचा डांबरी रस्ता नऊ-दहालाच तापू लागतो. आपला पाय अशा रस्त्यावर पडताच झटकन उचलला जातो. आजोबांचा उचलला जात नव्हता.

याचे कारण साधे आहे. दीर्घकाळच्या मधुमेहात पायांच्या टोकाकडील मज्जातंतू हळूहळू बधिर होत जातात. सुरुवातीला मुंग्या येतात, रात्री आग होते, कापसावर चालल्यासारखे वाटते. पुढे तेही थांबते. रुग्णाला वाटते, बरे झाले, आता त्रास नाही. वस्तुतः धोक्याची सूचना देणारी घंटाच बंद पडलेली असते. चपलेत खडा शिरला, टाचणी रुतली, चटका बसला तरी कळत नाही. त्यात रक्तपुरवठा मंदावलेला आणि साखर वाढलेली असली, तर लहानसा फोडही आठवड्याभरात खोल जखम होतो. या देशात पाय कापावे लागण्याच्या अनेक कहाण्या अशाच एखाद्या न दुखणाऱ्या फोडापासून सुरू होतात.

६ मेचा सहावा मंगळवार पार पडला. ८ मेच्या रात्री साडेनऊच्या सुमारास माझ्या मोबाइलवर एक छायाचित्र आले. पाठवणारी त्यांची बारा वर्षांची नात. लादीवर तपकिरी डाग दिसला, म्हणून तिने आजोबांचा पाय उचलून तळव्यावर मोबाइलची बॅटरी मारली होती. अंगठ्याच्या मुळाशी, चवड्यावर, रुपयाएवढी जखम होती आणि कडेची कातडी पांढरी पडून सुटली होती. खाली तिने लिहिले होते, “आजोबा म्हणतात दुखत नाही. मग मी घाबरू का?”

त्या दिवशीच्या घड्याळातील नोंदी नंतर मी पाहिल्या. पावले १०,४१२. नाडी ७२. प्राणवायू ९७. सगळे उत्तम. मनगटावरचे यंत्र मनगटाचे सांगते. तळव्याचे त्याला काय ठाऊक?

मग मी माझी नोंदवही उघडली. दर तीन महिन्यांनी रक्तदाब, वजन, साखर, औषधांत केलेले फेरफार, सारे नीट लिहिलेले होते. परंतु मागील दोन वर्षांत पायांच्या तपासणीचा उल्लेख नव्हता. दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा एक तंतू असतो. डोळे मिटलेल्या रुग्णाच्या तळव्याला तो ठरावीक ठिकाणी टेकवायचा आणि स्पर्श कळतो का ते विचारायचे. तपासणी दोन मिनिटांची आणि खर्च नगण्य. प्रत्येक मधुमेही व्यक्तीची ती वर्षातून एकदा तरी व्हायला हवी. ती मी केली नव्हती. गर्दी होती, रुग्ण घाईत होते, ही कारणे खरी असली तरी ती कारणेच आहेत.

सुदैवाने क्ष-किरण चित्रात हाड शाबूत होते आणि पायाचा रक्तप्रवाह चांगला होता. पुढचे अकरा आठवडे जखम स्वच्छ करणे, मृत त्वचा काढणे, साखर ताब्यात आणणे आणि सर्वांत कठीण म्हणजे त्या पायावर भार न देणे, असे चालले. जखमेवर कितीही महाग मलम लावले, तरी तिच्यावरून रोज चालत राहिले तर ती भरत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर उभ्याने काम केले, त्याला पाय वर करून बसवणे हीच खरी शिक्षा होती.

नवसाचे काय, हा प्रश्न आजोबांनी पहिल्याच भेटीत विचारला. काही डॉक्टर अशा वेळी श्रद्धेची थट्टा करतात. मला ते अनुचित वाटते. शिवाय त्याचा उपयोग होत नाही. रुग्ण मान हलवतो आणि पुढच्या वेळी आपल्याला न सांगता जातो. आम्ही वाटाघाटी केल्या. घराजवळच्या गुरुजींनी सांगितले की आजारपणात खंड पडलेला चालतो. मधल्या मंगळवारी सून त्यांच्या वतीने जाऊन आली. आजोबा खाटेवर पाय उंच ठेवून मोबाइलवर मंदिराचे थेट दर्शन घेत. तिसरा संकल्प असा अनपेक्षित रीतीने पार पडला. मात्र त्यांचे पूर्ण समाधान झाले असे मी म्हणणार नाही. “देव दिसतो, पण गेल्यासारखं वाटत नाही,” असे ते म्हणाले, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

आपल्या घरीही कुणाचा असा नवस असेल, तर तो मोडायला सांगू नका. आधी पायाचा स्पर्श तपासून घ्या. स्पर्श कमी असेल तर मंदिराच्या दारापर्यंत मऊ तळाची, मागे पट्टा असलेली मधुमेहींसाठीची चप्पल वापरावी. एमसीआर नावाने ती मिळते. आत स्वच्छ सुती मोजे घालावेत, आणि घरी आल्यावर तळवे, टाचा व बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा, नाहीतर नातवंडाला हाक मारावी. कुरूप ब्लेडने कापणे, त्यावर औषधी पट्टी चिकटवणे, पाय गरम पाण्यात शेकणे हे तीन उद्योग पूर्ण वर्ज्य.

उपवासाबद्दलही थोडे सांगतो, कारण पाडव्यापासून चैत्री नवरात्र बसते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असता न जेवल्यास साखर ७०च्या खाली घसरू शकते. घाम, थरथर, चिडचिड, असंबद्ध बोलणे ही लक्षणे दिसताच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. शुद्ध हरपत असेल तर तोंडाने काही न देता थेट रुग्णालय गाठावे. उपवासाआधी गोळ्यांचे वेळापत्रक डॉक्टरांकडून बदलून घेण्यात देवाचा काही अपमान होत नाही. आणि कडुलिंब पाडव्याच्या चटणीत उत्तमच आहे, परंतु तो गोळीला पर्याय नव्हे.

आता त्या दहा हजारांविषयी. आजोबांनी एकदा मला विचारले, “डॉक्टर, हा आकडा ठरवला कुणी?” हा आकडा वैद्यकशास्त्राने ठरवलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ साली जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र विक्रीस आले. त्याचे नावच मुळी ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. नाव सुटसुटीत, आकडा गोल. तो जगभर पसरला. पुढे २०१९ साली अमेरिकेतील १६,७४१ वृद्ध स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय ७२ होते. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण स्पष्टपणे कमी आढळले, आणि साधारण ७,५०० पावलांनंतर आणखी लाभ दिसला नाही. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, म्हणून त्यालाही ब्रह्मवाक्य मानू नये. पण रात्री साडेदहाला उरलेली बाराशे पावले पूर्ण करण्यासाठी चाळीच्या गॅलरीत येरझारा घालणाऱ्या आजोबांना तो दाखवण्याजोगा आहे.

साठीनंतरचे ध्येय आकड्यापेक्षा कामात मोजावे, असे माझे मत आहे. गेल्या दिवाळीत मी स्वतः आजोबा झालो, वय अठ्ठावन्न, आणि मला एक गोष्ट कळली. बाळासोबत जमिनीवर बसणे सोपे आहे, उठणे कठीण. म्हणून माझे ध्येय एवढेच की कशाचाही आधार न घेता उठता यावे. यासाठी खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे मी रोज करतो. जागतिक आरोग्य संघटना पासष्ट वर्षांपुढील व्यक्तींना चालण्याच्या जोडीने आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद यांचे व्यायाम सांगते. आपल्याकडे तेच नेमके वगळले जातात. घरच्या घरी एक चाचणी करून पाहा. खुर्चीवरून उठायचे, तीन मीटर चालायचे, वळून परत यायचे आणि बसायचे. बारा सेकंद किंवा अधिक लागले तर पडण्याचा धोका आहे असे समजून डॉक्टरांना भेटावे.

यंत्रांशी माझे वैर नाही. रक्तदाबाचे यंत्र घरी असावेच, परंतु दंडावर पट्टा बांधण्याचे. चहा किंवा तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ द्यावा, पाठ टेकून व पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे, हात हृदयाच्या उंचीवर ठेवावा आणि एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. घरी सरासरी १३५/८५ च्या वर राहिली तर दाखवावे. गिरगावातील माझ्या परिचयाच्या एक आजी दिवसातून चौदा वेळा मोजतात आणि प्रत्येक वेळी आधीच्या आकड्याने घाबरल्यामुळे पुढचा आकडा वाढतो. झोपेच्या गुणांचेही तसेच. सकाळी प्रसन्न उठलेली बाई घड्याळात ‘६१ गुण’ पाहून दिवसभर थकलेली राहते! अशा वेळी घड्याळ काढून ठेवणे हाच उपचार.

मोबाइलचा एक धोका मात्र मी दवाखान्यात प्रत्यक्ष पाहिला आहे. दादरचे एक निवृत्त गृहस्थ १९०वर गेलेल्या रक्तदाबासह आले. पोलिसांच्या वेशातील एका भामट्याने दृश्य-संभाषण करून त्यांना तीन तास खोलीत बसवून ठेवले होते. भारतीय कायद्यात ‘डिजिटल अटक’ नावाचा प्रकारच नाही. फोन बंद करावा, घरच्यांना सांगावे आणि १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. लाजेपोटी लपवणे पैशांपेक्षाही हृदयाला महाग पडते.

१२ ऑगस्टला अंगारकी होती. आजोबांची जखम जुलैअखेर भरली होती. ते टॅक्सीने प्रभादेवीला गेले, नव्या चपला घालून, नातीचा हात धरून. घड्याळ घरी चार्जिंगला राहिले. संध्याकाळी नातीने पुन्हा छायाचित्र पाठवले, या वेळी प्रसादाच्या लाडवाचे आणि शेजारी कोरड्या, स्वच्छ तळव्याचे.

यंदाच्या पाडव्याचे बोलावणेही आले आहे. पिशवीत मी तो नायलॉनचा तंतू आधीच टाकून ठेवला आहे. आधी काकांचा पाय, मग श्रीखंड, असे काकूंना कळवलेही आहे. त्यांनी उलट निरोप पाठवला की पाहायचेच तर सगळ्यांचेच पाय पाहा, माझेही. मला कुणी विचारतच नाही.