आधी कोण? उचगावच्या मंडपातला बझर

गेल्या वर्षी गणपतीला गावी गेलो. बेंगळूरहून रात्रीची गाडी, बेळगाव, मग वेंगुर्ला रस्त्यानं उचगाव फाटा. घरी बॅग टेकवली न टेकवली तोच मंडळाची पोरं दारात. संध्याकाळी सामान्यज्ञान स्पर्धा होती आणि परीक्षक मी. बाहेर राहणाऱ्या इंजिनिअरला सगळं कळतं असा गावाचा समज आहे. तो मीही कधी मोडलेला नाही.

सहा शाळा, सहा संघ. जो आधी हात वर करील त्यानं उत्तर द्यायचं. शेवटच्या प्रश्नाला पहिला आणि सहावा संघ बरोबरीत होते. प्रश्न संपताच दोन्हीकडे हात वर गेले. मी पहिल्या संघाला संधी दिली, उत्तर बरोबर आलं, टाळ्या पडल्या. सहाव्या बाकावरची मुलगी मात्र उभीच.

"काका, आधी माझा हात होता. तुम्ही तिकडंच बघत होता की!"

खरं होतं. पहिला बाक माझ्या नाकासमोर होता आणि सहावा मान वळवल्याशिवाय दिसत नव्हता. पण हातात माईक असला की चूक कबूल करणं जड जातं. 'परीक्षकांचा निर्णय अंतिम' म्हणून मी मोकळा झालो. ती आमच्याच गल्लीतली, दोन घरं सोडून राहणारी. पुढचे चार दिवस ती समोरून गेली की मी पेपरात डोकं घालत होतो.

यंदा म्हणून बझर बनवूनच न्यायचं ठरवलं. तुमच्यापैकी अनेकांच्या घरात आर्डुइनो उनो पडलेला असेल, शाळेच्या प्रोजेक्टनंतर विसरलेला. २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावी विद्यार्थ्यांना स्वस्तात मिळावा म्हणून या बोर्डांची सुरुवात झाली. उनोवरचा मायक्रोकंट्रोलर सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोक्यांनी चालतो. आपल्या कामाला तो गरजेपेक्षा फारच वेगवान आहे.

जोडणी सोपी आहे. दाराच्या बेलची सहा बटणं घेतली. प्रत्येक बटणाची एक वायर बोर्डाच्या पिनला, दुसरी ग्राउंडला. पिन एरवी ५ व्होल्टवर असते, बटण दाबलं की शून्यावर येते. २ ते ७ या पिनांवर बटणं, ८ ते १३ वर सहा दिवे. बझर आणि रीसेटचं बटण ए० आणि ए१ वर. जी पिन आधी शून्यावर येईल तिचा दिवा लावायचा, बझर वाजवायचा आणि रीसेट होईपर्यंत बाकीच्यांना कुलूप. प्रोग्रॅम एका रात्रीत झाला. मी स्वतःवर खूश.

गावी आल्यावर ओट्यावर सगळं मांडलं होतं, तेवढ्यात ती आमचा डबा परत द्यायला आली. यंदा दहावीला. मी कौतुकानं दाखवलं. तिनं दोन्ही हातांनी एक आणि सहा नंबर एकदम दाबले. दिवा एकचा. पुन्हा दाबले, पुन्हा एकचा.

"काका, यातपण एक नंबरच जिंकतोय."

"अगं, तुझा तो हात जरा पुढं पडत असेल."

तिनं हात बदलले. तरी एकच. मग मी दोन्ही पिना एकाच बटणाला जोडल्या, म्हणजे हाताचा प्रश्नच नको. वीस वेळा दाबलं, वीसही वेळा एक नंबर.

घोळ माझ्या प्रोग्रॅममध्ये होता. तो बटणं ओळीनं तपासत होता, आधी एक, मग दोन, शेवटी सहा. सहाही झाली की ५० मिलिसेकंद थांबून पुन्हा पहिल्यापासून. बटण दाबताना आतली पत्री काही मिलिसेकंद उड्या मारते आणि एकच दाब अनेकदा मोजला जाऊ शकतो, म्हणून असा थांबा ठेवायची पद्धत आहे. मी तो सवयीनं ठेवला होता. पण त्या थांब्यात सहानं आधी दाबलं आणि एकनं ४० मिलिसेकंदांनी नंतर, तरी तपासणी एकपासून सुरू होणार आणि एकच जिंकणार. माझी मान जशी एकाच बाजूला होती, तशीच मी त्याला शिकवली होती.

थांबा काढून टाकला. इथं पहिला स्पर्शच मोजायचा आणि लगेच कुलूप लावायचं, पत्री मग कितीही उडो. २ ते ७ या पिना चिपच्या एकाच पोर्टवर आहेत, पोर्ट डी म्हणतात त्याला. हा पोर्ट अख्खा एका वाचनात वाचता येतो, म्हणजे सहाही बटणांचा एकाच क्षणी फोटो काढल्यासारखं. एकाच फोटोत दोघं सापडले तर दोन्ही दिवे लागतील आणि नवा प्रश्न विचारायचा. एका बटणाला दोन पिना जोडून पाहिलं. दोन्ही दिवे लागले. ती म्हणाली, "आता बरोबर."

मंडपात वेगळीच गंमत. लांब वायरी ओढल्यावर कुणी मोठा पंखा लावला की चौथा संघ आपोआप वाजायचा. चिपच्या आतला रेझिस्टर २० ते ५० किलोओहमचा, इतक्या लांब वायरीला तो कमजोर पडतो. बाहेरून प्रत्येक पिन आणि ५ व्होल्टमध्ये १ किलोओहम, तसंच पिन आणि ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावल्यावर चौथा संघ शांत झाला.

एवढ्यात ती बाकांकडे बघून म्हणाली, "स्पीकर एक नंबरजवळच आहे की." पोरगी सोडत नाही! आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ७ मीटर लांब बसलेल्याला प्रश्नाचा शेवटचा शब्द २० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो, आणि आता आमचं यंत्र त्याहून कितीतरी लहान फरक ओळखत होतं. बाक अर्धवर्तुळात मांडले, स्पीकर मध्ये आणला. मंडळाच्या पोरांनी कपाळाला हात लावला, पण मांडले.

स्पर्धेत मी सुरुवात केली, "१९२४ साली बेळगावला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाच्या..." आणि सहाचा दिवा लागला.

"महात्मा गांधी!"

प्रश्न अध्यक्षांचा नव्हता. त्या अधिवेशनाच्या वेळी खोदलेल्या विहिरीचा होता, टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीचा. तिनं जीभ चावली आणि हसत खाली बसली. तिचा संघ यंदा तिसरा आला.

पेटी आता तिच्याच घरी आहे. पुढच्या वर्षी वायरी नकोत, सगळं वायरलेस करू म्हणते. मी म्हटलं, कर, पण सहाही बटणांचा सिग्नल पोचायला सारखाच वेळ लागतो का, ते आधी मोजून दाखव.