डोंबिवलीच्या स्थानकावरून निघालेली संख्या

नऊ एके ओळीने मांडून होणाऱ्या १११११११११ या संख्येला तिनेच गुणायचे, तर कॅल्क्युलेटर लागत नाही. कागदावर गुणाकाराच्या नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. मग उभ्या रकान्यांतले एके नुसते मोजायचे: उजवीकडून १, २, ३ करत मधोमध ९, आणि तिथून पुन्हा उतरत १ पर्यंत. उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१. एकदाही हातचा येत नाही, सारी गंमत त्यातच आहे.

देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी असल्या संख्यांना ‘डेमलो’ म्हटले. जी.आय.पी. रेल्वेवरचे डेमलो स्थानक म्हणजे आजचे डोंबिवली. कल्पना सुचली ती तिथे, म्हणून हे नाव. डेमलो संख्येचे दोन टोकांचे भाग मिळवले, की मधल्या भागातलाच अंक पुन्हापुन्हा उमटतो. २५५३ मध्ये २ आणि ३ मिळून ५. आपल्या सतरा अंकी संख्येत १२३४५६७८ आणि ८७६५४३२१ यांची बेरीज ९९९९९९९९, आणि मध्ये उभा ९!

कापरेकरांच्या दुसऱ्या वर्गातही ती बसते. अंकांच्या बेरजेने जिला नि:शेष भाग जातो ती हर्षद संख्या. इथे बेरीज ८१, आणि भाग नेमका जातो.

का जातो, हे अवयव पाडल्यावर कळते. १११११११११ म्हणजे ३ × ३ × ३७ × ३३३६६७. वर्ग केला की प्रत्येक मूळ अवयव दुप्पट वेळा येतो. चार तिनांचे ८१ तिथेच तयार होतात. एकूण विभाजक ४५. पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषमच असते. ती संख्या स्वतः वगळून उरलेल्यांची बेरीज मात्र तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून ही ‘न्यून’ संख्या.

अंकांवरून पटणारी ओळख आणि अवयवांवरून पटणारी ओळख, या दोन प्रकारांत फरक आहे. हीच संख्या संगणकाच्या ० आणि १ मध्ये लिहिली, की अंकांची चढउतार नाहीशी होते. ४५ विभाजक जागेवरच राहतात. कापरेकरांच्या शोधांना अनेक गणितज्ञ करमणूक समजत, ते बहुधा यामुळेच. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कुठे जगाचे लक्ष गेले. पण अंकलेखनाच्या पद्धतीतून नियम शोधणे हेही गणितच, आणि त्यात कापरेकरांची नजर विलक्षण होती.

आता त्या नऊ एक्यांना आणखी एक ‘१’ जोडा. दहा एक्यांच्या वर्गात मधल्या रकान्यात १० जमतात, हातचा येतो आणि डौल बिघडतो: १२३४५६७९००९८७६५४३२१. उजवीकडचे दहा अंक तोडून त्यांत डावीकडचे १२३४५६७९० मिळवले, तर बेरीज पुन्हा ११११११११११. वर्गाचे असे दोन तुकडे मिळवून जी संख्या परत हाती येते, तिला जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणतात.