साबणाची वडी : नाव हळदीचे, गुण तेलाचा



लागण, बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा यांवर आम्ही नेहमीच लिहितो. या वेळचा विषय जरा वेगळा आहे. आपल्याकडील बऱ्याच घरची मुले नोकरीधंद्यानिमित्त ठाणे, कल्याण, डोंबिवलीला असतात. सणाला गावी येताना ती हल्ली हातच्या साबणाच्या वड्या घेऊन येतात. कुणावर हळद-चंदन लिहिलेले, कुणावर कडुनिंब-तुळस, तर कुणावर शेळीचे दूध नि मध. वडी पाहून बचत गटाच्या भगिनी आम्हाला गट ऑफिसात विचारतात, "साहेब, हे आपल्याला जमंल का? आणि अंगाला खरंच गुण येतो का?" प्रश्न रास्त आहे, म्हणून चार गोष्टी सांगतो.

साबण होतो कसा?

तेल आणि कडक खार यांचा संयोग म्हणजे साबण. खार म्हणून कॉस्टिक सोडा वापरतात. आपल्या कारखान्यात इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत बसलेला थर सुटावा म्हणून जो कॉस्टिक उकळतात, तोच हा. तो पाण्यात विरघळवून तेलात मिसळला की साबण तयार होतो आणि सोबत ग्लिसरीनही निघते. तेलाच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतके ते असते. मोठ्या कारखान्यांत हे ग्लिसरीन बहुधा वेगळे काढून विकतात. हातच्या वडीत ते तसेच राहते. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते, म्हणून चांगल्या हातसाबणाने अंग कमी ओढते. हातसाबणाचा खरा फायदा कुठला म्हणाल, तर पहिला हाच.

जसे तेल, तसा साबण

खोबरेल तेलाचा साबण कडक होतो, फेस भरपूर देतो, मळ झटकन काढतो. पण नुसत्या खोबरेलाची वडी कोरड्या कातडीला फार ओढते. शेंगदाणा तेलाचा साबण मऊ लागतो, पण वडी लवकर झिजते. एरंडेल थोडेच घालतात. त्याने फेस टिकतो. कडुनिंब आणि करंजाच्या तेलाला उग्र वास असतो, म्हणून तीही बेताने घालतात.

ठाणे जिल्ह्यात याहून निराळे एक तेल आहे, ते मोहाचे. शहापूर, मुरबाडच्या बाजूला आदिवासी कुटुंबे पावसाच्या तोंडावर मोहाच्या बिया वेचतात, फोडून सुकवतात आणि तेल काढतात. खायला तेच, भेगा पडलेल्या पायांना लावायलाही तेच. थंडीत ते तुपासारखे थिजते. याचे कारण असे, की त्यात कडक साबण देणारी आणि मऊपणा देणारी अशी दोन्ही प्रकारची आम्ले भरपूर आहेत. खोबरेलात मोहाचे तेल मिसळले की फेसही मिळतो आणि अंगही फारसे ओढत नाही. शहरातल्या दुकानात लांबून आलेल्या तेलांचे कौतुक होते, आणि लोकलने तासा-दीड तासावर असलेल्या रानातले हे तेल कोणाच्या ध्यानात येत नाही!

हळद, दूध, लिंबू यांचे काय?

येथे जरा स्पष्ट बोलले पाहिजे. हळदीला खार लागला की ती लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात, हे आपल्या आया-बहिणींना सांगायला नको. साबणाच्या खारातही तेच होते. पिवळी हळद पिवळी राहत नाही. लिंबाचा रस घातला तर त्यातली आंबटाई खार खाऊन टाकतो, आणि मापही बिघडते. दूध घातले तर त्यातली साखर तापून वडी तपकिरी होते. शिवाय साबण अंगावर राहतो किती वेळ? मिनिटभर. मग पाण्याबरोबर सगळे मोरीत. तेव्हा या वस्तू रंगाला, वासाला, हौसेला ठीक आहेत. त्यांच्या नावावर मोठी आशा धरू नये. सुगंधी तेले तर काहींच्या कातडीला सोसतच नाहीत. तान्ह्या मुलांना बिनवासाचीच वडी बरी.

आपली साखर मात्र साबणात खरेच कामाला येते. खाराच्या पाण्यात चमचाभर साखर आधी विरघळवली तर फेस वाढतो. पारदर्शक साबणात तर साखरेचा पाक, ग्लिसरीन आणि मळीपासून निघते ते अल्कोहोल, हे तिन्ही वापरतात.

माप चुकले की कातडी गेली

एक किलो खोबरेलाला सुमारे १८० ग्रॅम कॉस्टिक लागतो, तर एक किलो मोहाच्या तेलाला सुमारे १३५ ग्रॅमच. खोबरेलाचे माप मोहाच्या तेलाला लावले तर किलोमागे ४५ ग्रॅम कॉस्टिक मोकळा उरतो, आणि ती वडी अंग भाजते. म्हणून प्रत्येक तेलाचा हिशेब वेगळा करावा, वजनकाट्यावर मोजावे आणि हिशेबापेक्षा कॉस्टिक पाच टक्के कमीच घ्यावा. वाटीने, अंदाजाने मुळीच नको. वड्या पाडल्यावर चार ते सहा आठवडे हवेशीर जागी मुरू द्याव्यात.

काम करताना ही पथ्ये पाळावीत. नेहमी पाण्यात कॉस्टिक टाकावा. कॉस्टिकवर पाणी ओतू नये, ते उसळून अंगावर येते. ॲल्युमिनियमचे पातेले वापरू नये, स्टीलचे घ्यावे. हातमोजे, चष्मा घालावा, पोरांना लांब ठेवावे. थेंब उडालाच तर लिंबू, व्हिनेगर चोळत बसू नये. वाहत्या पाण्याखाली निदान १५-२० मिनिटे धुवावे. डोळ्यात गेल्यास तसेच धुऊन लगेच दवाखाना गाठावा.

विक्री करायची तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. तो काढूनच धंद्याला हात घालावा. आणि वडीवर 'नायटा, खरूज बरी होते' असे काही लिहू नये. साबण मळ काढतो, रोग बरा करत नाही. महिनाभर साबणाच्या भरवशावर राहिलेली खरूज घरभर पसरते. तिला डॉक्टरच पाहिजे.

फडातल्या हातांसाठी

शेवटी आमच्या खात्याच्या जिव्हाळ्याची गोष्ट. गळीत हंगामात तोडणी कामगारांचे हात पाचटाने चिरतात, कुसळाने खाजतात, थंडीत भेगाळतात. सगळे साबण खारटच असतात, म्हणून भेगांवर झोंबतात. त्यात विहिरीचे पाणी जड असेल तर फेस होत नाही, म्हणून साबण जास्त घासला जातो आणि पांढरा चिकट थर अंगावरच बसतो. अशा हातांना साबण थोडा लावावा, पाणी भरपूर घ्यावे आणि हात ओलसर आहेत तोच खोबरेल किंवा मोहाचे तेल चोळावे. हे तेल धुऊन जात नाही, रात्रभर कातडीवर राहते; म्हणून त्याचा गुण महागड्या वडीपेक्षा जास्त.

तेव्हा भगिनींनो, साबण जरूर करा. पण वडी घेताना किंवा विकताना तीनच प्रश्न विचारा : तेल कुठलं? खार मोजला का? मुरली किती दिवस? या तिन्हींचे उत्तर नीट मिळाले तर वडी चांगली समजावी, मग तिच्यावर हळदीचे नाव असो वा नसो.