हुरडा त्यांचा, बियाणे कुणाचे?

दरवर्षी 1 जानेवारीला आपण लाखोंच्या संख्येने पेरणे फाट्यावरच्या जयस्तंभाला मानवंदना द्यायला जातो. तिथून भीमा ओलांडली की कोरेगाव भीमा लागते आणि शिरूर तालुका सुरू होतो. नेमके हेच दिवस हुरड्याचे. नगर रस्त्याने पुढे गेले की ठिकठिकाणी हुरड्याच्या पाट्या दिसतात. मोराची चिंचोलीला तर शहरातली कुटुंबे मोर पाहायला आणि हुरडा खायला गाड्या भरून येतात. खाणाऱ्यांवर आमचा राग नाही. आमचा प्रश्न एवढाच की, ज्या ज्वारीला आज हा मान मिळाला ती राखली कुणी आणि तिचा पैसा जातो कुणाकडे?

हा प्रश्न जगभरचा आहे. गेशा नावाची एक दुर्मिळ कॉफी आहे. तिचे बी 1930 च्या दशकात इथिओपियाच्या गेशा भागातून गोळा केले गेले. ते टांझानिया, कोस्टारिका असे फिरत पनामात पोहोचले. 2004 साली तिथल्या लिलावात या कॉफीला पौंडाला 21 डॉलर भाव आला तेव्हा जग चकित झाले. 2025 साली तोच भाव किलोला 30 हजार डॉलरच्या वर गेला. नाव इथिओपियाच्या रानाचे, पैसा पनामातल्या मळेवाल्यांचा! ज्यांच्या रानातून बी गेले ते लिलावाच्या हिशेबात कुठेच नाहीत.

शिरूर-दौंडमध्ये कॉफी पिकत नाही. महाराष्ट्रात ती चिखलदऱ्याच्या डोंगरावर होते. पण आपल्या कमी पावसाच्या रानातही गेशासारखे वाण आहेत. गुळभेंडी, सुरती ही हुरड्याची ज्वारी त्यातलीच. भाकरीची मालदांडी वेगळी आणि ही वेगळी. हिचा दाणा दुधाळ असतानाच गोड लागतो आणि कणीस भाजून हातावर चोळले की तो बोंडातून सहज सुटतो. हुरड्याचा दाणा थोडेच दिवस कोवळा राहतो, मग तो टणक होतो. त्या थोड्या दिवसांसाठी शेतकरी कित्येक आठवडे माळ्यावर उभा राहून गोफणीने पाखरे हाकतो.

एकेकाळी हा सारा टापू रब्बी ज्वारीचा. घोड धरणाचे पाणी शिरूरला मिळाले, खडकवासल्याचा कालवा दौंडला आला. न्हावऱ्याला आणि पाटसला साखर कारखाने उभे राहिले. पाणी आले तिथे ऊस आला आणि ज्वारी मागे हटली. ज्याच्या बांधापर्यंत पाणी पोहोचले नाही, ज्याच्याकडे उसाला लागणारे भांडवल नाही, त्या जिरायतवाल्याच्या तुकड्यावर जुने वाण तगून राहिले. त्याने काही मोठा संकल्प केला नव्हता. दरवर्षी विकतचे बियाणे परवडत नव्हते, म्हणून त्याच्या घरातल्या बाईने उभ्या पिकातली भरदार कणसे निवडली, वाळवली, राखेत घोळून ठेवली. ज्वारीचे परागीकरण बहुतांशी स्वतःचे स्वतःशी होते, म्हणून असे निवडलेले बी पिढ्यान्पिढ्या टिकते. हीसुद्धा विद्याच आहे, फक्त तिला पदवी नाही.

इथे कुणी म्हणेल, गावगाड्यातल्या ज्वारीचे कौतुक आंबेडकरी माणसाने कशाला करावे? म्हणणे बरोबर आहे. आमच्या आजोबा-पणजोबांनी ही ज्वारी खळ्यावर बलुते म्हणून मागितली. गावाची रात्रंदिवस चाकरी करून पदरात पडले ते खळ्याच्या कडेचे मातेरे. बाबासाहेबांनी ती लाचारी सोडायला लावली. 1928 साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी महार वतनाच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते यासाठीच. तेव्हा आम्हाला जुन्या गावाची ओढ नाही. आम्ही बोलतो ते मालकीबद्दल. काल ज्वारी मागणारा आज ज्वारीचा आणि तिच्या बियाण्याचा मालक व्हावा, एवढेच आमचे म्हणणे.

बाबासाहेबांनी 1918 सालीच भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला होता. जमिनीचा तुकडा लहान म्हणून शेती तोट्यात जाते, हे त्यांनी मान्य केले नाही. तुकड्याला भांडवल आणि अवजारे किती, आणि त्यावर माणसे किती अवलंबून, हा खरा हिशेब. वरकड माणसे उद्योगात गेली पाहिजेत, असे त्यांनी सांगितले. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीने आणि दौंडच्या रेल्वेने काही हातांना काम दिले. मात्र कंत्राटी नोकरी सुटली की पोरगा परत त्याच दोन एकरांकडे पाहतो. ते दोन एकर राहिले असतील तर!

म्हणून पहिली गोष्ट जमिनीची. 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली आणि हाडकी-हाडवळ्याच्या जमिनी नव्या शर्तीने परत मिळाल्या. त्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत. रस्त्यालगतच्या अशा जमिनीवर दलालांचा डोळा असतो. अंगठा उठवण्याआधी शंभरदा विचार करा. ज्याला जमीनच नाही त्याने कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण योजनेचा अर्ज भरावा आणि तो धूळ खात पडला तर कार्यकर्त्यांनी समाजकल्याण कार्यालयात जाऊन जाब विचारावा.

दुसरी गोष्ट बियाण्याची. 2001 च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. बंधन आहे ते फक्त संरक्षित वाण नाममुद्रा लावून विकण्यावर. शेतकरी किंवा शेतकऱ्यांचा समूह आपला वाण नोंदवूही शकतो. मंगळवेढ्याच्या मालदांडीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. अकोले तालुक्यातल्या आदिवासी भगिनी राहीबाई पोपेरे यांनी घरात गावरान बियाण्यांची बँक उभी केली आणि 2020 साली त्या पद्मश्रीच्या मानकरी ठरल्या. शाळेची पायरी न चढलेली बाई हे करू शकते, तर भीमा-घोडच्या काठच्या आमच्या वस्त्यांना अडवले कुणी?

गावोगावच्या बुद्ध विहारांत जयंतीची वर्गणी जमते, तशी एकदा वाणांची यादी जमवा. कुणाच्या कणगीत कुठले बी आहे, ते कुणाच्या आईने राखले, हे वहीत नोंदवा. आठ-दहा घरांनी गट करून हुरडा थेट गिऱ्हाईकाला विकावा. पाटी आपली, शेत आपले, बी आपले आणि गल्लाही आपलाच असावा.

येत्या 1 जानेवारीला मानवंदना देऊन परतताना नगर रस्त्यावर थांबा. हुरड्याच्या पाटीवर कुणाचे नाव आहे, ते जरूर वाचा. त्यात आपले एकही नाव सापडले नाही, तर पुढच्या हंगामाचे काम काय, हे वेगळे सांगायला नको.

जय भीम!