सावित्रीबाई फुले यांची कविता

राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीतील मराठी कवयित्रींमध्ये सावित्रीबाई फुले (1831-1897) यांचे स्थान वेगळे आहे. सातारा जिल्ह्यातील नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांची ही मुलगी 1840 मध्ये जोतीराव फुले यांच्याशी विवाह होऊन पुण्यात आली आणि लग्नानंतर शिकली. 1848 मध्ये पुण्यातल्या भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली आणि त्या तिथे शिकवू लागल्या. शिक्षिका म्हणून मिळालेल्या कीर्तीपुढे त्यांची कविता मात्र झाकोळली.

'काव्यफुले' हा संग्रह 1854 साली निघाला, तेव्हा त्या 23 वर्षांच्या होत्या. आधुनिक मराठी कवितेचे जनक मानल्या जाणाऱ्या केशवसुतांचा जन्म त्यानंतर बारा वर्षांनी झाला. संग्रहात चाफा, जाई, गुलाब यांवरच्या कविता आहेत. शिवाजी आणि ताराबाई यांच्यावरच्या रचना आहेत. पण संग्रहाचा खरा जोर शिक्षणपर कवितांत आहे. वर्गात बसलेल्या पोरीला समजेल अशी ही भाषा आहे. अलंकारांचा सोस नाही. उपदेश कधी कधी कवितेवर कुरघोडीही करतो. इंग्रज कवयित्री एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग यांचे 'अरोरा ली' हे काव्य 'काव्यफुले'नंतर दोन वर्षांनी, 1856 मध्ये आले. त्यात एका लेखिकेची स्वतःची वाट शोधण्याची धडपड आहे. सावित्रीबाईंसमोरचा प्रश्न त्याच्याही आधीचा होता: अक्षर शूद्रातिशूद्रांच्या आणि बायकांच्या हाती येणार की नाही?

म्हणूनच त्यांनी इंग्रजी भाषेला माउली म्हटले. पेशवाईत बंद असलेली ज्ञानाची दारे नव्या राजवटीत किलकिली झाली, हे त्यांनी स्वतः पाहिले होते. आज खटकणाऱ्या या स्तुतीचे मूळ त्या अनुभवात आहे, राजनिष्ठेत शोधण्याचे कारण नाही. जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये गोऱ्या अंमलदारांच्या बेपर्वाईवर जे कोरडे ओढले, त्यांची धार मात्र या कवितेत नाही.

पुढची अनेक वर्षे कामात गेली: 1863 चे बालहत्या प्रतिबंधक गृह, 1873 नंतर सत्यशोधक समाज. 1890 मध्ये जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे, म्हणजे अग्नीचे मडके, सावित्रीबाईंनी धरले. 1892 मध्ये 'बावन्नकशी सुबोध रत्नाकर' प्रसिद्ध झाले. 52 कडव्यांच्या या काव्यात पेशवाई, आंग्लाई आणि मग जोतीरावांचे चरित्र असा क्रम आहे. पतीचे मोठेपण सांगण्याआधी तो कोणत्या काळात उभा राहिला हे त्या सांगतात. व्यक्तिगत शोक फारसा नाही.

प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना लागण होऊन 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले. मा. गो. माळी यांनी संपादित केलेले त्यांचे समग्र वाङ्मय महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने 1988 मध्ये प्रकाशित केले, तेव्हा कुठे ही कविता सर्वसामान्य वाचकाला एकत्र मिळाली.