हुकमी मतांचा कडवा भिडू

पडद्यावरचं राजकारण : भाग सहावा

वारूळवाडी या गावच्या ग्रामपंचायत निवडणुकीत कागदोपत्री एकही पक्ष नसतो. राज्यातल्या कुठल्याच ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. तिथे असतात पॅनेलं, आणि कपबशी, शिट्टी असली मुक्त चिन्हं. कोणतं पॅनेल कोणत्या नेत्याचं हे टपरीवरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं, तो भाग वेगळा. ऑनलाइन राजकीय खेळांत नेमकं उलटं आहे. तिथे रस्ता-गटाराचा प्रश्न नाही, भावकी नाही, पाण्याची पाळी नाही. पक्ष मात्र पहिल्या दिवसापासून आहेत.

या खेळांतला पैसा कसा फिरतो ते मागच्या भागात आलं. या वेळी पक्षांची भांडणं, आणि त्या भांडणांच्या फटीतून आत शिरणारे कडवे सदस्य.

2008 मध्ये सुरू झालेला ‘इरिपब्लिक’ हा या प्रकारातला ठळक खेळ. खेळाडू एखाद्या आभासी देशाचा नागरिक होतो. त्या देशांत भारतही आहे. तो नोकरी करतो, लढाईत उतरतो, स्वतःचं वर्तमानपत्र काढतो आणि मत देतो. निवडणुकांचं वेळापत्रक महिन्याला बांधलेलं. 15 तारखेला पक्षाध्यक्ष, 25 ला काँग्रेस (खेळातल्या कायदेमंडळाचं हे नाव, आपल्याकडच्या पक्षाशी संबंध नाही) आणि 5 तारखेला देशाचा अध्यक्ष. एक निवडणूक उरकते तोच दुसरीचा प्रचार सुरू. उसंत नाही.

याच वेळापत्रकातून ‘पीटीओ’ नावाची युक्ती निघाली. पूर्ण नाव पोलिटिकल टेकओव्हर. समजा, एखाद्या पक्षात चाळीस सदस्य आहेत आणि पंधरा तारखेला त्यांतले बाराच मत द्यायला येतात. मग वीस परके खेळाडू त्या देशाचं नागरिकत्व घेतात, गुपचूप पक्षात शिरतात आणि त्या दिवशी एकगठ्ठा मतदान करतात. अध्यक्षपद त्यांचं. दहा दिवसांनी काँग्रेसचे उमेदवार त्यांचे. त्यानंतर देशाच्या तिजोरीला हात घालायला फारसं कोणी आडवं येत नाही. लढाईत न जिंकलेला देश असा मतपेटीतून जिंकायचा. पुढे नागरिकत्व मंजूर करण्याचा अधिकार काँग्रेसच्या सदस्यांकडे आला तो या घुसखोरीमुळेच.

मोजक्या मतांची ताकद काय असते, हे वारूळवाडीकरांना समजावून सांगायला नको. महामार्गाने थोडं पुण्याकडे गेलं की मंचर, म्हणजे आंबेगावचा मतदारसंघ. 2024 च्या विधानसभा निवडणुकीत तिथे दिलीप वळसे पाटील यांनी देवदत्त निकम यांना अवघ्या 1,523 मतांनी हरवलं. त्याच यंत्रावर निकमांशी नामसाधर्म्य असलेला एक अपक्ष होता. त्याला 2,965 मतं पडली. त्यांतली किती जाणून दिलेली आणि किती चुकून, हे यंत्र सांगत नाही. पण फरकापेक्षा मोठा आकडा समोर आला, की प्रत्येक पक्ष पुढच्या वेळी शेवटच्या मतापर्यंत हिशेब मांडतो.

कडव्या सदस्याला जागा मिळते ती याच हिशेबात. खेळातल्या पक्षात बहुतेक जण हौशी असतात. परीक्षा आली, कंटाळा आला, की गायब. कडवा मात्र रोज हजर. तो रात्री दोनला मत देतो, नव्यांना निरोप पाठवतो, पक्षाच्या पत्रात लेख लिहितो, आपल्याबरोबर चार-पाच पाठीराखे घेऊन येतो. त्याचं बोलणं हळूहळू एखाद्या समाजाच्या नायनाटापर्यंत गेलं, तरी पक्षाध्यक्ष मनात म्हणतो, पंचवीस तारीख होऊ दे, मग बघू. पंचवीसनंतर पाच तारीख येते. गावच्या पॅनेलमध्ये हुकमी वीस मतांच्या माणसाचं उद्धट बोलणं असंच खपवून घेतलं जातं. म्हणून कडव्यांच्या शिरकावाचं खापर निव्वळ विचारसरणीवर फोडणं अपुरं आहे. त्यांना विचारापेक्षा हजेरीपट पुढे नेतो.

दुसरा खेळ ‘नेशनस्टेट्स’. ऑस्ट्रेलियन लेखक मॅक्स बॅरी याने आपल्या ‘जेनिफर गव्हर्नमेंट’ या कादंबरीच्या जाहिरातीसाठी तो नोव्हेंबर 2002 मध्ये सुरू केला. यातल्या जागतिक सभेला आधी थेट संयुक्त राष्ट्रांचं नाव होतं. 2008 मध्ये खऱ्या संयुक्त राष्ट्रांनी हरकत घेतली आणि ते बदलावं लागलं. इथे खेळाडू देश चालवतो, देश मिळून प्रांत होतो, आणि प्रांतातल्या ज्या देशाला सर्वाधिक पाठिंबे तो प्रांताचा प्रतिनिधी. एका माणसाने कितीही देश काढावेत, पण जागतिक सभेत त्याचा एकच; पाठिंबा त्याच देशाकडून मोजला जातो. बोगस मतदाराला लावलेला हा लगाम बऱ्यापैकी चालतो.

प्रत्येक प्रांताचा हिशेब दिवसातून दोनदा अद्ययावत होतो. हल्लेखोर टोळ्या त्याच्या काही क्षण आधी आपले देश त्या प्रांतात हलवतात, आपल्या म्होरक्याला पाठिंबे देतात आणि प्रतिनिधिपद बळकावतात. रक्षक टोळ्या त्याच क्षणी उलट उडी मारतात. घड्याळाकडे डोळे लावून बसलेली ही मंडळी वेगवेगळ्या खंडांतली. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे हल्लेखोर आणि रक्षक एका बाबतीत मात्र एकत्र आले आहेत : नाझी धाटणीचे प्रांत पाडताना. व्यवस्थापकांच्या बंदीची वाट न पाहता खेळाडूंनी खेळाच्याच नियमांनी केलेला हा बंदोबस्त. या लेखमालेत आलेल्या उदाहरणांत इतकं धड उदाहरण दुसरं नाही.

अर्थात कडव्यांकडे एक ठरलेलं उत्तर असतं : ‘मी फक्त पात्र करतोय.’ बऱ्याचदा ते खरंही असतं. हुकूमशहाचं पात्र करणारा प्रत्येक पोरगा हुकूमशाहीचा भक्त नसतो. नाटकात औरंगजेब करणाऱ्याला कोणी मुघल म्हणत नाही. पण सिंगापूरच्या अंतर्गत सुरक्षा विभागाने फेब्रुवारी 2023 मध्ये जाहीर केलेलं प्रकरण पाहावं. सोळा वर्षांचा एक शाळकरी मुलगा ‘रोब्लॉक्स’ या ऑनलाइन खेळमंचावर इसिसच्या धर्तीवर उभारलेल्या खेळांत शिरला. तिथल्या खेळातल्या म्होरक्यापुढे त्याने निष्ठेची शपथ घेतली, त्या गटाचा प्रवक्ता आणि मुख्य प्रचारक झाला, आणि खेळातल्या दृश्यांच्या प्रचारफिती बनवून समाजमाध्यमांवर टाकल्या. पात्राच्या हातातला मजकूर खेळाबाहेर गेला होता. सरकारने त्याच्यावर निर्बंधाचा आदेश बजावला.

राजकारणाच्या अशा सरावासाठी भारतात अभिरूप संसदेचा अधिकृत मार्गही आहे. 1962 मध्ये मुंबईत भरलेल्या अखिल भारतीय प्रतोद परिषदेने शिफारस केली, आणि 1966-67 पासून दिल्लीच्या शाळांत युवा संसद सुरू झाली. आता संसदीय कार्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून देशातली कुठलीही शाळा, महाविद्यालय तिच्यात उतरू शकतं. प्रश्नोत्तराचा तास, शून्य प्रहर, विधेयक सगळं असतं. मात्र विषय वादग्रस्त नको आणि राजकीय पक्षांवर, नेत्यांवर टीका नको, असा दंडक आहे. त्यामुळे विरोधी पक्षनेत्याने पाठ केलेला प्रश्न विचारायचा आणि मंत्र्याने पाठ केलेलं उत्तर द्यायचं. स्वतःच्याच पक्षातला माणूस बेताल बोलायला लागला तर बैठक कशी बोलवायची, त्याला आधी ताकीद द्यायची की थेट काढायचं, काढलं तर त्याचे चार पाठीराखे जातील त्याचं काय, यातलं काहीही तिथे घडत नाही. खेळात मात्र सतरा वर्षांच्या पक्षाध्यक्षाला ते करावं लागतं, बहुधा रात्री, आणि घरच्यांना पत्ता नसताना.

(पुढील भागात : खेळातली वर्तमानपत्रं आणि अफवांचा बाजार)