आपल्याच भाराने पसरणारे पर्वत

हवाई बेटावरच्या किलाउएया ज्वालामुखीची दक्षिण बाजू दर वर्षी सुमारे ६ सेंटिमीटर समुद्राकडे सरकते. उद्रेक असो वा नसो, हे सरकणं सुरूच असतं. एवढा अवजड डोंगर जागच्या जागी का राहत नाही, हे कळलं की मोठ्या ज्वालामुखींची सगळी रचनाच उलगडायला लागते.

सुरुवात उतारापासून करू. ज्वालामुखी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे निमुळता शंकू येतो. असा शंकू बहुधा लहान असतो. तोंडातून उडालेले सच्छिद्र खडे आणि राख भोवताली पडत जातात आणि खळ्यात ओतलेल्या धान्याच्या राशीसारखे ३०-३५ अंशांच्या उतारावर स्थिरावतात. उतार याहून उभा झाला की वरचा थर घरंगळतो. हवाईचा मौना लोआ मात्र पातळ बेसाल्टी लाव्ह्याचा बनलेला आहे. हा लाव्हा तोंडाशी साचत नाही, उतार मिळेल तसा दूरवर वाहत जातो. म्हणून मौना लोआ ४,१६९ मीटर उंच असूनही त्याचा उतार बहुतेक ठिकाणी १० अंशांहून कमी आहे. अशा पर्वताला ढाल ज्वालामुखी म्हणतात.

पण खरी गोष्ट पाण्याखाली आहे. मौना लोआ भर समुद्रात, साधारण ५ किलोमीटर खोल तळावर उभा राहिला. त्यात ७०,००० घन किलोमीटरांहून जास्त खडक आहे. एवढा भार पडल्यावर खालचा भूपट्ट वाकतो. मौना लोआखालचा मूळ समुद्रतळ तब्बल ८ किलोमीटर खाली दबला आहे, त्यामुळे दबलेल्या पायापासून मोजलं तर पर्वताची उंची १७ किलोमीटर भरते! लाव्ह्याने वर चढवलेल्या उंचीचा मोठा वाटा असा खाली गडप होतो. बेटांभोवतीच्या समुद्रतळावर या वाकण्यामुळे खोलगट पट्टा तयार झाला आहे. १५ ऑक्टोबर २००६ रोजी किहोलो उपसागराजवळ ६.७ तीव्रतेचा भूकंप झाला, तो सुमारे ४० किलोमीटर खोलीवर. शिलारसाचा त्याच्याशी थेट संबंध नव्हता. वाकणाऱ्या भूपट्टावरचा ताण तिथे मोकळा झाला.

आता सरकण्याकडे वळू. हवाईचे ज्वालामुखी प्राचीन समुद्रतळावर आणि त्यावरच्या गाळाच्या थरावर बसले आहेत. हा थर कमकुवत आणि निसरडा आहे. किलाउएयाच्या उत्तरेला मौना लोआचा भरभक्कम टेकू आहे. दक्षिणेला आहे फक्त समुद्र, आणि पाण्याचा दाब एवढ्या खडकाला थोपवू शकत नाही. म्हणून ही बाजू ८ ते १० किलोमीटर खोलीवरच्या सपाट प्रतलावरून बाहेर घसरते. तिला आणखी एक रेटा आहे. शिलारसातले ऑलिव्हिनचे जड स्फटिक तळाशी साचतात, आणि हा गरम, जड गाभाही आपल्या वजनाने हळूहळू बाजूला पसरतो.

डोंगर एका बाजूला ताणला गेला की शिलारसालाही वाट सापडते. खडक जिथे सहज फाकतो तिथे तो उभ्या, पातळ पत्र्यांच्या रूपाने घुसतो. या पत्र्यांना डाइक म्हणतात. धुळे-नंदुरबार भागात आपल्या काळ्या पाषाणात असे थिजलेले डाइक लांबच लांब रांगांनी उघडे पडलेले दिसतात. किलाउएयात ते शिखरापासून पूर्वेला आणि नैर्ऋत्येला जाणाऱ्या दोन भेगपट्ट्यांत घुसतात. आत शिरलेला प्रत्येक डाइक दक्षिण बाजूला थोडा आणखी ढकलतो, आणि ती सरकली की पुढच्या डाइकसाठी जागा होते. गुरुत्वाकर्षण आणि शिलारस यांची ही देवाणघेवाण मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

हे सरकणं नेहमीच संथ नसतं. २९ नोव्हेंबर १९७५ रोजी पहाटे दक्षिण बाजू ७.७ तीव्रतेच्या भूकंपासह एकदम घसरली. हालापेचा किनारा सुमारे ३.५ मीटर खचला, त्सुनामी आली आणि तिथे तंबू ठोकून राहिलेल्यांपैकी दोघांचा जीव गेला. याउलट नोव्हेंबर २००० मध्ये हीच बाजू दीड-दोन दिवसांत काही सेंटिमीटर सरकली आणि वर कोणाला हादराही जाणवला नाही. जीपीएस नसतं तर ते कळलंच नसतं.

२०१८ साली तर सगळं एकत्र पाहायला मिळालं. पूर्वेच्या भेगपट्ट्यात शिलारस घुसला, ४ मे रोजी ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला आणि शिखराखालचा शिलारस सुमारे ४० किलोमीटर दूरच्या तोंडांकडे वाहू लागला. आधार गेल्यावर शिखराचा खडक टप्प्याटप्प्याने खाली बसत गेला आणि तिथली खोली ५०० मीटरपर्यंत वाढली. खडक बसला की खालच्या शिलारसावर दाब पडे आणि तिकडे दूर लाव्ह्याचा जोर वाढे. उद्रेकाला बळ देणारा भार छताचाच होता.

याच्या कितीतरी पटींनी मोठी घसरण हवाई द्वीपसमूहातल्या ओआहू बेटावर दहा लाखांहून जास्त वर्षांपूर्वी झाली. कोओलाऊ ज्वालामुखीची ईशान्य बाजू तुटून समुद्रात गेली. तिचा टस्कलूसा नावाचा एकच तुकडा सुमारे ३० किलोमीटर लांब आहे आणि तो आज समुद्रतळावर पर्वतासारखा उभा आहे.

महाराष्ट्राशी नातं सांगणारा ज्वालामुखी मात्र हिंदी महासागरात आहे. ज्या तप्त स्थळावरून (खोलातून शिलारस वर येत राहण्याच्या जागेवरून) सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचे बेसाल्ट थर ओतले गेले असं मानतात, त्याच तप्त स्थळावर आज रेयुनियन बेट आहे. तिथला पितों द ला फुर्नेज पूर्वेकडे घोड्याच्या नालेच्या आकारात उघडा आहे. त्या बाजूला टेकू नाही, समोर थेट समुद्र आहे. एप्रिल २००७ मध्ये डोंगराच्या पायथ्याजवळ, कमी उंचीवर भेग उघडली, शिलारस निथळला, शिखराचं छत ३०० मीटरांहून जास्त खाली कोसळलं आणि त्याच काळात पूर्वेचा उतार समुद्राकडे एक मीटरहून अधिक सरकला.